बाळ आजीला 'आई' म्हणतं, मग मी युनिट सोडू का?

पत्र बरंच लांब आहे, थोडक्यात देते.

"ताई, मी वडोदऱ्यात मांजलपूरला राहते, वय ३४. मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, माझं विजेची कंट्रोल पॅनल बनवायचं छोटं युनिट आहे, सात वर्षं झाली. १४ माणसं आहेत, त्यात ५ वायरिंगच्या मुली. मुलगा १४ महिन्यांचा. सिझेरियन झालं आणि २२ दिवसांनी मी कामावर गेले, तेव्हापासून बाळ सासूबाईंकडे असतं. त्या ६३ वर्षांच्या, गुडघे दुखतात. नवरा कोयलीच्या बाजूला शिफ्टमध्ये आहे. मी नऊला निघते, यायला साडेसात होतात, माझ्या ॲक्टिव्हाचा आवाज आला की बाळ दाराशी येतं, पण मग पेमेंटचे फोन चालू होतात आणि फोन संपेपर्यंत ते झोपतं. मागच्या महिन्यात त्यानं पहिल्यांदा 'आई' म्हटलं ते सासूबाईंकडे बघून. मी बाथरूममध्ये जाऊन रडले. त्याच आठवड्यात सासूबाई शेजारच्या भाभींना हसत म्हणाल्या, मी तर म्हातारपणी परत बाळंतीण झाले. ते फार लागलं. आता पंपिंग स्टेशनच्या ४० पॅनलची ऑर्डर आलीय, चार महिन्यांत द्यायची, दहा दिवसांत उत्तर द्यायचंय. दीर म्हणतात, वहिनी, तीन वर्षं मी युनिट बघतो, बाळ शाळेत जायला लागलं की परत या. नवरा म्हणतो तुला हवं ते कर, पण स्वयंपाकाच्या मावशींचा पगार आणि आईचा त्रास धरला तर उरतं किती? त्यात माझी सगळ्यात चांगली वायरिंगची मुलगी बाळंतपणाला गेली ती परत आलीच नाही. मी काय करू?"

अगं, माझ्या मुलीच्या वयाची आहेस म्हणून तुला अगंतुगंच करते. आधी त्या 'आई'चं बोलू, कारण तुझं सगळं पत्र त्या एका शब्दावर उभं आहे. मला सांग, घरात सासूबाईंना तुझा नवरा काय म्हणतो? आई. दीर? आई. तू? आई. दिवसातून पन्नास वेळा 'आई चहा', 'आई औषध घेतलं का', 'आई मी निघते' हे ज्या बाईला म्हटलं जातं तिला ते पोर दुसरं काय म्हणणार गं? आणि तुला त्या घरात आई अशी हाक कोण मारतं? कुणीच नाही. दीर वहिनी म्हणतात, बाकीचे नावानं बोलावतात. त्यानं ऐकलं तेच म्हटलं. आपल्या दांडिया बाजार-रावपुऱ्याकडच्या जुन्या वाड्यांत कितीतरी मुलं सख्ख्या आईला वहिनी नाहीतर काकू म्हणत वाढलीयत, माझे सासरे त्यांच्या आईला शेवटपर्यंत वहिनीच म्हणायचे, आणि ती गेली तेव्हा हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये 'वहिनी, वहिनी' करून रडले होते. तेव्हा या शब्दावरून तू आई म्हणून नापास झालीस असं काढू नकोस. जे मूल गाडीचा आवाज ओळखून दाराशी येतं त्याला त्याची आई कोण ते नीट माहितीये.

पण साडेसातला दाराशी आलेल्या मुलाला एका हातानं उचलून दुसऱ्या हातानं फोन कानाला लावायचा, हे मात्र बदलायला हवं, आणि तिथेच मला तुझ्या पत्रातली खरी अडचण दिसते.

मी पत्र तीनदा वाचलं. तू लिहिलंस की २२ दिवसांनी कामावर गेले. त्या २२ दिवसांत युनिटमध्ये काय बंद पडलं, कुठलं पॅनल परत आलं, कोण गिऱ्हाईक गेलं, याची एक ओळसुद्धा नाही. काही मोठं बिघडलं असतं तर तू नक्की लिहिलं असतंस. म्हणजे युनिट चाललं, बहुतेक तुला दिवसाला वीस फोन करून चाललं. ड्रॉइंग वाचून देणार तू, कुठल्या साइजची वायर वापरायची ते सांगणार तू, इन्सुलेशन तपासायचा मेगर लावून प्रत्येक पॅनल स्वतः टेस्ट करणार तू, चलन नि ई-वे बिल तू, पेमेंटच्या मागे तू. पाना हातात धरून पोरगा येणार, 'बेन, आमां कई साइज?', आणि तू सांगणार, कारण सांगायला दहा सेकंद लागतात आणि शिकवायला दहा दिवस. सात वर्षं तू ते दहा सेकंद दिलेस, आणि आता १४ माणसांचं युनिट एका बाईच्या डोक्यावर टेकलंय. मूल झालं नसतं तरी दोन-तीन वर्षांत तू आजारी पडली असतीस. बाळ आलं म्हणून ते आत्ता दिसलं, एवढंच.

म्हणून मला घर की काम हा प्रश्नच तुझ्यासाठी चुकीचा वाटतो. तुला युनिटमध्ये दुसरा माणूस तयार करायचाय. हे मी पोटतिडकीनं सांगतेय कारण मी ते केलं नव्हतं. १९९४ साली मी इथल्याच एका कंपनीत प्रॉडक्शन प्लॅनिंग बघायचे, तेव्हा बाळंतपणाची रजा १२ आठवडे होती. मी ८५व्या दिवशी टेबलावर हजर. अकराच्या मीटिंगमध्ये दूध यायला लागायचं, साडीचा पदर पुढून घट्ट घेऊन बसायचे, मग बाथरूममध्ये जाऊन ते दूध पिळून बेसिनमध्ये टाकून द्यायचं, नळ सोडून, आवाज जाऊ नये म्हणून. माझ्या हाताखाली दोन हुशार मुलं होती, त्यांना मी शेड्यूल करायला शिकवलं नाही, मला वाटायचं शिकवलं तर माझी गरज काय राहिली. त्या भीतीपायी सहा वर्षं रविवारीसुद्धा गेले. माझी मुलगी ओट्यावर वाट बघायची, मी आले की माझी पर्स उघडायची, कारण मी तिच्यासाठी डॉट मॅट्रिक्स प्रिंटरचा रद्दी कागद आणायचे, दोन्ही कडांना भोकं असलेला. त्या भोकांच्या पट्ट्या ती सरळ फाडून काढायची, एकसुद्धा तुटू द्यायची नाही, आणि त्यांच्या माळा करून खिडकीला लावायची. आज ती ३१ वर्षांची आहे, तिला माझ्या नोकरीतलं तेवढंच आठवतं. मला मात्र ते रविवार आठवतात.

आता दिरांचं. माणूस चांगला असेल, मनापासून म्हणत असेल, मी त्याच्याबद्दल वाईट म्हणत नाहीये. पण तू लिहिलंस की फर्म प्रोप्रायटरशिप आहे. प्रोप्रायटरशिपमध्ये तू आणि फर्म हे कायद्यानं वेगळे नसतात. जीएसटी तुझ्या पॅनवर, बँकेचं कॅश क्रेडिट, म्हणजे धंद्यासाठीची उचल, तुझ्या सहीवर. दिरांनी चालवलं आणि उद्या बँकेचे पैसे थकले तर बँक तुझ्या दारात येणार, दिरांच्या नाही, आणि मग घरात जे सुरू होईल ते कुठल्याच बाळासाठी चांगलं नाही. शिवाय 'शाळेत जायला लागलं की' हे ऐकायला सोपं आहे. माझी मुलगी युनिव्हर्सिटीच्या होम सायन्समधल्या चेतन बालवाडीत जायची, फार छान बालवाडी, पण बहुतेक बालवाड्या चार-पाच तासांच्या वर नसतात, दुपारी मुलाला आणायला कुणीतरी लागतंच. तेव्हाही हाच प्रश्न तुझ्यापुढे असणार, फरक एवढाच की तुझी गिऱ्हाइकं तोवर दुसऱ्या कुणाचा नंबर सेव्ह करून बसलेली असतील. दिरांना खरंच मदत करायचीय ना, मग त्यांना वसुली द्या. संध्याकाळचे सगळे पेमेंटचे फोन त्यांचे. हे काम पुरुषाच्या आवाजात लवकर होतं हे मला मुळीच आवडत नाही, पण तुला आज संध्याकाळचा तो एक तास हवाय.

आणि वसुलीचं निघालंच आहे तर, तुझं उद्यम रजिस्ट्रेशन, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, आहे ना? नसेल तर या आठवड्यात करून घे, ऑनलाइन होतं, फी नाही. तुझ्यासारख्या मायक्रो आणि स्मॉल युनिटचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत द्यायचे असा २००६ चा एमएसएमई कायदा आहे, उशीर केला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दरानं चक्रवाढ व्याज लागतं. आणि १ एप्रिल २०२४ पासून इन्कम टॅक्समध्येही आलंय की ही मुदत उलटली आणि मार्चअखेरपर्यंतही पैसे दिले नाहीत तर माल घेणाऱ्या कंपनीला त्या वर्षी तो खर्च वजा दाखवता येत नाही. हे बिलाच्या खाली दोन ओळींत छापून टाक, उद्यम नंबरासकट. मोठ्या कंपन्यांचे अकाउंटवाले मार्चच्या आधी स्वतःहून फोन करायला लागतात. तुझे निम्मे फोन तिथेच वाचतील.

नवऱ्याच्या हिशोबाबद्दल थोडंच बोलते. मावशींचा पगार फक्त तुझ्या कमाईतून का वजा होतोय? जेवतात सगळेच ना? त्याच्या पगारातून निम्मा धर आणि मग उरतं किती ते परत मांडा. आणि तू स्वतः युनिटमधून महिन्याला ठरावीक रक्कम घेतेस का? घेत नसशील याची मला जवळजवळ खात्री आहे, मालक बायका बहुतेक घेत नाहीत, सगळ्यांचे पगार झाले की जे राहील ते आपलं, आणि राहिलं की त्याची तांब्याची वायर येते. मग घरात 'उरतं किती' असं विचारलं की उत्तरच नसतं. एक तारखेला स्वतःच्या खात्यात पैसे टाक, कमी टाक पण टाक. आणि तो सेकंड शिफ्टला असतो ना, दुपारी दोन ते दहा, त्या आठवड्यात सकाळ पूर्ण त्याची, अंघोळ, पेज, सगळं. तू मध्ये जाऊन शिकवू नकोस, डोक्यात फेस राहिला तर राहू दे.

आता त्या मुलीबद्दल, जिचं जाणं तू एकाच वाक्यात उरकलंस. मी इथे थोडं कडक बोलणार आहे, रागावू नकोस. तुला तुझी स्वतःची बाळंतपणाची रजा मिळाली नाही, मालकिणीला कुठलाच कायदा रजा देत नाही, हे खरं आणि हे वाईट आहे. पण तिला मिळायला हवी होती. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी, म्हणजे तुझ्याकडे, २०१७ पासून पहिल्या दोन बाळंतपणांना २६ आठवडे भरपगारी रजा आहे, आणि कामावर घेतानाच हे बाईला लेखी कळवायचं असतं. तू कळवलं होतंस? का सगळ्या जीआयडीसीत होतं तसं झालं, सातव्या महिन्यात ती म्हणाली बेन आता जमत नाही, तू म्हणालीस बरं, हिशोब केला, पेढे पाठव म्हणालीस, आणि झालं? तुझ्या मनात वाईट नव्हतं हे मला कळतं. छोटे युनिटवाले या २६ आठवड्यांना घाबरतात, एवढे महिने पगार कुठून देणार म्हणून. पण ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विमा, भरत असशील तर तो पगार तुला खिशातून द्यायचाच नसतो, २१ हजारांपर्यंत पगार असणाऱ्या बाईला ठरावीक दिवसांची वर्गणी भरलेली असली की तो ईएसआय देतं. तू महिन्याला सव्वातीन टक्के भरतेस ते यासाठीसुद्धा आहेत. आणि भरत नसशील तर दहा किंवा जास्त माणसं असली की ते भरायलाच लागतं, तुझ्या सीएला आजच विचार.

तर तिला बोलव. तू लिहिलंस ती तरसालीला राहते, बाळ आठ महिन्यांचं आहे, ड्रॉइंग बघून न विचारता वायरींवर नंबरांचे फेरूल घालणारी आणि वायरीच्या टोकाला लग दाबून बसवला की ओढून बघितल्याशिवाय पुढे न जाणारी ती एकटीच होती. अशी ओढून बघायची सवय शिकवता येत नाही गं, ती अंगात असते. तिला परत वायरिंगच्या टेबलावर बसवू नकोस. टेस्टिंग आणि क्यूसी, म्हणजे मालाची तपासणी, तिला दे, पगार वाढवून दे, सुरुवातीला दहा ते तीन. मूल १५ महिन्यांचं होईपर्यंत दूध पाजायला दिवसातून दोन वेळा सुट्टी तिच्या हक्काची आहे, तरसाली तुझ्यापासून लांब नाही, ती घरी जाऊन येऊ शकते, तेव्हा ते उपकार म्हणून देऊ नकोस. पहिले दोन आठवडे तिच्याबरोबर उभी राहा, तुझ्या डोक्यात जी यादी आहे ती बोल आणि तिला तिच्या अक्षरात लिहू दे, गुजरातीत लिहू दे. तिसऱ्या आठवड्यात तू टेस्टिंगच्या टेबलाजवळ जायचं नाही. हात शिवशिवतील, तरी जायचं नाही.

मुलांना शेडमध्ये आणायचा विचार मनात आला असेल तर तो काढून टाक, वायरचे तुकडे, ड्रिलचा चुरा, रांगतं मूल पहिल्यांदा तेच तोंडात घालतं. पाळणाघर ५० किंवा जास्त माणसं असतील तरच सक्तीचं आहे, तुझ्यावर नाही, पण कायद्यानं ते दोन-चार जणांनी मिळून चालवायलाही हरकत नाही. तुझ्या गल्लीत किती युनिट आहेत आणि किती बायका कामाला येतात, एकदा मोजून बघ. हे आत्ता नको, ऑर्डर मार्गी लागली की बघ.

हो, ऑर्डर घे. पण ४० पॅनल चार महिन्यांत असं सरसकट नको, लॉटमध्ये माग, पहिला लॉट पाचचा, त्यांचा माणूस येऊन इन्स्पेक्शन करून जाऊ दे, मग पुढचे वाढवत ने. पंपिंग स्टेशनचं सिव्हिल काम क्वचितच वेळेवर संपतं, त्यांना एकदम ४० लागतातच असं नाही, विचारल्यावर कळेल. ॲडव्हान्स माग, न लाजता माग. आणि सहा महिने कबूल करून पाच महिन्यांत दे, चार कबूल करून पाच करू नकोस. नाही म्हणाले तर अर्धी ऑर्डर घे, बाकीची दुसऱ्या कुणाला जाऊ दे, रडू नकोस त्याच्यासाठी.

राहिल्या सासूबाई. 'म्हातारपणी परत बाळंतीण झाले' हा तुला टोमणा वाटला. मला तसा वाटत नाही. ६३ वर्षांची बाई दुखऱ्या गुडघ्यांनी रोज दहा-साडेदहा तास, नुकत्याच चालायला लागलेल्या मुलाच्या मागे आहे, आणि हे तिला कधी कुणी विचारलं नाही, ठरवून दिलं नाही, सुट्टी दिली नाही. घरात बोलायची सोय नाही म्हणून ती शेजारणीकडे हसत बोलली. तूही तेच केलंस की, घरात न बोलता मला पत्र लिहिलंस. दोघी एकाच गोष्टीनं थकलायत. दुपारी दोन ते सहा एखादी मुलगी ठेव बाळाच्या मागे धावायला, सासूबाईंनी खुर्चीत बसून फक्त नजर ठेवायची. त्यांची झोप, त्यांचं भजनी मंडळ, जे काही असेल ते परत सुरू होऊ दे. मुलगी कोण ठेवायची ते त्यांनाच ठरवू दे, त्यांना कळतं कोण हात धुतं आणि कोण नाही. आणि हे नवऱ्याच्या तोंडून कळवू नकोस, तूच त्यांच्यापाशी बस, गुडघ्याला तेल लावताना बोल, आणि त्या काही बोलल्या तर लगेच समजूत घालू नकोस, ऐक.

साडेसातच्या ऐवजी सहाला घरी यायला लागशील तेव्हा सुरुवातीला बाळ तुझ्याकडे यायला का-कू करेल, आजीकडे हात करेल. करू दे. महिनाभर रोज त्याच वेळी ये, फोन चपलांच्या कपाटावर ठेव, जेवायच्या वेळेपर्यंत उचलू नकोस, कोणाचं पॅनल ट्रिप झालं असेल तर तो टेस्टिंगवालीला फोन करेल, तिचा नंबर बोर्डावर लाव.

आणि आजपासून त्याच्यासमोर सासूबाईंना तू, नवरा, दीर, सगळ्यांनीच 'आजी' म्हणा. नवऱ्याला पहिले चार दिवस जीभ वळणार नाही, चाळीस वर्षांची सवय आहे, त्याला आठवण कर. आणि सासूबाईंना सांग की गाडीचा आवाज आला की म्हणा, बघ, आई आली. पंधरा दिवसांनी काय झालं ते मला कळव. तरसालीला फोन मात्र आजच कर, चारनंतर कर, तोपर्यंत तिचं बाळ उठलेलं असेल.